तेरा नंबरच्या गाडीचा टप

"छप्पर घराला असतं, गाडीला नव्हे," असं विल्फ पार्डो म्हणायचा. पाऊस लागला की म्हणायचा, गारा पडल्या की म्हणायचा. एका फेब्रुवारीत तो भुवयांवर बर्फ घेऊन पबच्या दारात उतरला, तेव्हाही आधी हेच म्हणाला आणि मग ब्रँडी मागितली. टेम नदीकाठच्या टिलब्रिज गावात हे वाक्य ज्याच्या कानावर गेलं नाही असा माणूस सापडला नसता. मेव्हिस ट्रँटरनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या, म्हणून ती काही बोलली नाही. पुढं सत्तावीस वर्षं ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी बोलली नाही.

खरं तर बोलायचा हक्क तिचाच होता. विल्फच्या गाडीचा कापडी टप तिनं शिवला होता.

हॅस्केटचा कारखाना गावाच्या खालच्या अंगाला, जुन्या गिरणीच्या पाटाला लागून होता. चाळीसेक माणसं आणि वर्षाकाठी मोजक्या गाड्या. बासष्ट साली मालकांनी ‘लार्क’ काढली. दोघांपुरती, वरून उघडी, लांब नाकाची, आणि इतकी बसकी की बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर रस्त्यावरचा खडा उचलता यावा. साठच करायच्या, एकसष्टावी नाही, असं ठरलं होतं. प्रत्येकीच्या पुढच्या फळीवर पितळी पट्टीत तिचा नंबर कोरायचा. विल्फ तिथं सुतार. पत्र्याच्या आत अॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा असायचा, तो त्याच्या हातचा. मेव्हिस वरच्या माळ्यावर शिवणाला. साठच्या साठ टप तिच्या मशीनखालून गेले.

बारा गाड्या गेल्या, चौदावी गेली, पंधरावी गेली. तेरावी राहिली. बर्मिंगहॅमच्या एका जवाहिऱ्यानं ती घेतली होती, पण त्याच्या बायकोनं पट्टी वाचली आणि गाडी फाटकातूनच परत आली. मग एका पाद्र्यानं मागितली. त्यानंही आठवड्यानं चार पानी पत्र पाठवलं की माझा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नाही, पण माझ्या चर्चला येणाऱ्या लोकांचा आहे. शेवटी विल्फनं घरावर दोन खोल्या चढवायला साठवलं होतं ते आणून दिलं. डोरीन, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "खोल्या कुठं पळून जातायत?"

किल्ल्या हातात पडल्या त्या दिवशी सगळा कारखाना आवारात जमला होता. मेव्हिस टपाची पिशवी घेऊन माळ्यावरून खाली आली. त्या टपाच्या कडेला तिनं एकीच्या जागी दोन शिवणी घातल्या होत्या. नंबर असा अपशकुनी, तर निदान पाणी तरी आत येऊ नये, असा तिचा विचार. कुणाला सांगितलं नव्हतं. विल्फनं पिशवी घेतली, सीटमागं कोंबली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मेव्हिस, तुझी शिलाई वाया गेली बघ. हा टप काही पिशवीतून बाहेर निघायचा नाही. छप्पर घराला असतं, गाडीला नव्हे!" सगळे हसले. त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण माणूस ऐन आनंदात असला की त्याची कोपरं कुणाला लागतात ते त्याला कळत नाही.

त्या गाडीला त्यानं मग तळहाताच्या फोडासारखं जपलं. धुवायला पाणी पिंपातलं, पावसाचं. नळाच्या पाण्यानं डाग पडतात. दर रविवारी चमच्यानं चाकांच्या तारा वाजवून बघायच्या, जी बद्द वाजेल ती आवळायची. कोळी येऊ नयेत म्हणून सीटखाली चेस्टनटच्या बिया ठेवायच्या आणि त्या दर ऑक्टोबरात बदलायच्या. भर थंडीत गॅरेजची खिडकी वीतभर उघडी असायची. लाकूड श्वास घेतं, कोंडलं की मरतं, हे तो ज्याला त्याला सांगायचा. त्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं डोरीनच्या जॅमच्या बरण्या गोठत, पण सांगाड्याला कधी चीर गेली नाही.

आणि दोघं फिरायची. ताशी चाळीस मैलांच्या वर वेग ठेवला की पाऊस काचेवरून उडून डोक्यावरून पलीकडं जातो, गाडीतल्या माणसाला थेंब लागत नाही, हे विल्फचं शास्त्र. ते खरंही होतं. पण आमच्या खोऱ्यात चाळीसच्या वेगानं सलग जाऊ देतील अशा मेंढ्या नाहीत. कळप आडवा आला की विल्फ थांबे, आणि डोरीन मुकाट्यानं पायाशी ठेवलेली छत्री उघडून दोघांवर धरी. कळपामागून चाललेले मेंढपाळ टोपी उंचावून म्हणत, "कशी काय, मिसेस पार्डो? बैठक छान आहे!" ती म्हणे, "अंघोळ झाली, आता साबण द्या."

दरवर्षी मे महिन्यात, व्हिटसनच्या सणाच्या सुट्टीला, ती दोघं वेल्सच्या किनाऱ्यावर बोर्थला जात. डोरीनची थोरली बहीण ग्वेनेथ तिथं राहायची. सत्तावीस वर्षांत ती वारी एकदाही चुकली नव्हती.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात डोरीनला न्यूमोनिया झाला. सहा आठवडे ती अंथरुणावर होती. उठली तेव्हा अंगावरचा कोट दुसऱ्या कुणाचा घेतल्यासारखा दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "मिस्टर पार्डो, यांनी चालावं, खावं, हिंडावं. पण वारा छातीवर घ्यायचा नाही. तुमची ती गाडी या वर्षी विसरा." डोरीन ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, "व्हिटसनला मी ग्वेनेथकडं जाणार. ती ऐंशीची झाली, तिच्या पुढच्या व्हिटसनचा भरवसा कोण देणार? क्लाइव्ह नेतो म्हणालाय." क्लाइव्ह म्हणजे तिचा भाचा. त्याच्याकडं चार दारांची, मागच्या काचेत मान डोलवणारा खेळण्यातला कुत्रा ठेवलेली गाडी होती, आणि तिच्यात हीटर होता.

ही सगळी हकिकत मेव्हिसला भाजीच्या दुकानात कळली. तिनं बटाटे घेतले आणि घरी आली. आपला काय संबंध, असं तिला वाटलं.

दोन दिवसांनी, व्हिटसनला सोळा दिवस उरले असताना, विल्फ तिच्या दारात उभा होता. चालत आला होता. हात पाठीमागं.

"मेव्हिस, आहेस का घरात?"

"दार उघडं, मी समोर, हातात चहा. तुला काय वाटतं?"

"वाफ्यातलं रूबार्ब छान आलंय तुझं."

"आलंय."

"पाऊसही बेताचाच झाला म्हणा."

"झाला. विल्फ, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस? पाठीमागं काय धरलंयस? मेलेलं बदक?"

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. उन्हानं विटून पिशवी तांबूस झाली होती. तोंडाशी तिनं स्वतः बांधलेली गाठ होती, तशीच्या तशी. नाही, तशीच्या तशी नव्हती. कुणीतरी सोडून पुन्हा चुकीची बांधली होती.

"बसत नाही," विल्फ म्हणाला.

"कुठं?"

"पुढं काचेला अडकतो. मागं टिचबटणांपर्यंत पोचत नाही. एवढा कमी पडतो." त्यानं अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली.

"उघडलास कधी?"

"परवा."

"आणि त्याच्या आधी?"

विल्फ रूबार्बकडं बघायला लागला.

"विल्फ पार्डो, सत्तावीस वर्षं?"

"जपूनच ठेवला होता गं. उंदीर नाही, ओल नाही..."

"जपून म्हणे!" मेव्हिसनं कप असा ठेवला की बशी वाजली. "कापडाला ताण लागतो. घडीत पडून राहिलं की ते आक्रसतं, कवळी काढलेल्या तोंडासारखं. लाकूड श्वास घेतं म्हणून खिडकी उघडी ठेवतोस, गावभर सांगत सुटतोस. आणि कापडाचा श्वास? तो कुणी घ्यायचा? तुम्ही सुतारांनी केलं ते तेवढं जिवापाड जपायचं, आणि आम्ही माळ्यावर डोळे फोडून केलं ते पिशवीत!"

सत्तावीस वर्षांचं एका दमात निघालं. विल्फनं टोपी काढली. डोक्यावर टोपीची गोल खूण उमटली होती. ती बघून तिला उगीचच राग आवरावासा वाटला.

"नवा नाही का शिवता येणार?" त्यानं विचारलं.

"ते कापड आता कुठं मिळतं? दोन थरांत रबर असलेलं? आणि ही माझी बोटं बघ. नवा शिवायला मला नाताळ उजाडेल."

"मग ती क्लाइव्हच्या गाडीतून जाईल." घरात कुणी गेल्याचं सांगावं तसं तो म्हणाला. "मी मागून एकटा. ती पुढं, मी मागं. त्या कुत्र्याच्या मागं."

मेव्हिसनं टप पिशवीतून बाहेर काढला. आत तो काळाभोर होता, बासष्ट सालीच राहिलेला. कडेची दुहेरी शिवण अंगठ्यानं चाचपली. एकही टाका सुटला नव्हता.

"गाडी उद्या इथं आण," ती म्हणाली. "आणि येताना तुझी अक्कल घरी ठेव. इथं माझी चालेल."

तिच्या परसात टोमॅटोचं काचघर होतं. सकाळभर टप त्या काचघरात रोपांवरून पसरायचा. दुपारी तो ऊन खाऊन मऊ झाला की चटकन गाडीवर न्यायचा, पुढं अडकवायचा आणि मागून ओढून धरायचा. जिथवर येईल तिथं दोरीनं बांधून दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवायचा. रोज बोटभर सरके. कधी तेवढाही नाही. विल्फ उलट्या बादलीवर बसून राही. त्याच्या हाताला काम नाही हे बघून मेव्हिस त्याला टोमॅटोचे फुटवे खुडायला लावी.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "डोरीनला कधी टप हवासा वाटला नाही?"

"कधी म्हणाली नाही."

"तू विचारलंस?"

विल्फनं चांगलं रोप खुडलं. चौथ्या दिवशी तो आला तो सरळ बादलीवर बसला.

"विचारलं," तो म्हणाला.

"मग?"

"पहिल्या वर्षापासून हवा होता म्हणे."

हसू आवरणं मेव्हिसला फार जड गेलं.

"मग बोलली का नाहीस, म्हटलं. तर म्हणाली, तू इतक्या ऐटीत ते वाक्य सांगायचास, मला तुझी ऐट ओली करायची नव्हती." त्यानं बूट झटकले. "सत्तावीस वर्षं भिजली ती, मेव्हिस. छत्री धरून. मला वाटायचं तिला गंमत वाटते."

"वाटतही असेल. एकाच वेळी दोन्ही वाटू शकतं."

अकराव्या दिवशी वितीचं अंतर चार बोटांवर आलं आणि तिथंच अडलं. बाराव्या दिवशी तेवढंच, तेराव्या दिवशी तेवढंच. चौदाव्या दिवशी मेव्हिस बँकेत गेली होती. विल्फला राहवलं नाही. त्यानं घरून सुतारकामाचे दोन पकडशिकंजे आणले, टपाच्या मागच्या कडेला लावले आणि लाकूड आवळतात तसं पेच फिरवत गेला. लाकूड ऐकतं. कापडानं एकदाच आवाज केला. मेव्हिस फाटकातून आत आली तेव्हा तो फाटक्या कडेकडं बघत उभा होता आणि शिकंजा अजून हातात होता.

तिनं जवळ जाऊन बघितलं. दोन्ही शिवणी शाबूत होत्या. त्यांच्या शेजारचं कापड हातभर फाटलं होतं.

"आता मी काय करू?" विल्फनं विचारलं. आवाज इतका लहान की तिला शिव्या द्यायचं सुचलं नाही.

"आत जा. चहा ठेव."

ती पायरीवर बसली. परवा शनिवार. क्लाइव्हला पेट्रोल भरून ठेव म्हणून डोरीनचा निरोप गेलेला तिला माहीत होता. टपाला मागून पट्टी जोडायची तर कापड कुठलं? ताडपत्री तिच्या मशीनखाली जायची नाही, तिच्याजवळचं पडद्यांचं कापड तर हवेनंच फाटेल. तिनं हात टेकला तो त्या पिशवीवर. बसल्या बसल्या ती पिशवी चुरगाळत राहिली. मग थांबली. ओंजळीत धरून तिनं तिची कड उलटी केली. आत दोन थर, मधे रबर. त्याच गठ्ठ्यातलं कापड! उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवल्या होत्या माळ्यावर, तिनंच.

विल्फ चहा घेऊन आला तेव्हा पिशवीच्या दोन्ही बाजू कापून झाल्या होत्या.

"अगं, पिशवी कापलीस! मग टप ठेवू कुठं?"

"गाडीवर," मेव्हिस म्हणाली.

त्यानं कप खाली ठेवला. "रंग वेगळा दिसेल. टप काळा आणि पट्टी तांबडी."

"दिसेल. लार्कवाले सगळे विचारतील. सांग त्यांना काय सांगायचं ते."

ती दोन दिवस मशीनवर होती. दुखऱ्या बोटांना ऊन पाण्यात बुडवून पुन्हा बसायची. विल्फनं टिचबटणं ठोकली, हे मात्र त्यानं छान केलं. पट्टीला तिनं शिवणी दोन घातल्या. एकीनं भागलं असतं.

शनिवारी ऊन कसं लख्ख पडलं होतं. आकाशात कापसाएवढाही ढग नाही. अशा दिवशी विल्फ पार्डो वर टप लावून, मागं तांबडी पट्टी मिरवत बाजारातून निघाला, आणि सगळं टिलब्रिज दुकानांच्या दारात आलं. मेव्हिसला ती दोघं घ्यायला आली होती. नाक्यापर्यंत तरी ये, असा डोरीनचा आग्रह. तिसरी जागा नव्हती, म्हणून मेव्हिस चालत आणि गाडी तिच्या चालीनं शेजारून, अशी वरात निघाली.

खाटीक बाहेर आला. हातात सुरी तशीच. "काय विल्फ! पाऊस कुठं दिसतोय का तुला?"

"घरच समजून बसलास काय आत?" पबवाला ओरडला. "पडदे लाव आता!"

सगळे हसले. मेव्हिसनं मान खाली घातली. तिला तो आवारातला दिवस आठवत होता, आणि आता तो काय बोलेल याची तिला भीती वाटत होती. विल्फनं गाडी थांबवली. काच नसलेल्या दारातून डोकं बाहेर काढलं.

"जवळ ये," तो खाटकाला म्हणाला. "सुरी ठेव आणि जवळ ये. ही कड बघ. दुहेरी शिवण आहे. साठ गाड्यांत फक्त हिला. मेव्हिसनं शिवलाय, बासष्ट साली, आणि मी गाढव म्हणून आज लावलाय. आता हस."

खाटीक वाकला. खरंच बघायला लागला. बोट फिरवून म्हणाला, "दोन आहेत खऱ्या." मग पबवालाही आला. आतून डोरीन म्हणाली, "बघून झालं असेल तर बाजूला व्हा, ग्वेनेथ पोर्कची पाई करून बसलीय." तिनं डोक्याला रुमाल बांधला नव्हता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिचे केस गाडीत विंचरलेले होते. नाक्यावर तिनं हात बाहेर काढून मेव्हिसचा हात दाबला आणि गाडी पश्चिमेकडं गेली.

मंगळवारी सकाळी मेव्हिस फाटकाशी गुलाब छाटत होती तेव्हा विल्फ आला. हातात कागदाची पुडी होती. व्हिनेगर घातलेले बोर्थचे शिंपले, डोरीननं दिलेले.

"कसा झाला प्रवास?"

"वेल्सच्या डोंगरात गाठलं पावसानं." तो फाटकाला टेकला. "तिथं वर, जिथं वळणं आहेत. मी वेग वाढवला, सवयीनं. तर डोरीन म्हणाली, थांब. मी म्हटलं, का? तर म्हणाली, ऐक."

मेव्हिसनं कात्री खाली घेतली.

"थांबलो. कडेला. टपावर वाजत होता गं, मेव्हिस. पत्र्यावर वाजतो तसा नाही. मऊ. आम्ही सँडविच खाल्ली, चहा प्यालो. अर्धा तास बसलो असू. आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं. गाडीत कधी यायचं नाही ते, वाऱ्यामुळं. तिला दोनदा विचारलं, थंडी वाजते का. दोनदा नाही म्हणाली. मग झोपली. माझ्या खांद्यावर, पार बोर्थ येईपर्यंत."

"पाणी आलं का आत?"

"थेंब नाही."

ती पुन्हा छाटायला लागली, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"किती दिवसांनी काढायचा आणि लावायचा?" त्यानं विचारलं.

"महिन्यातून एकदा पूर्ण ताणायचा. ऊन असेल तेव्हा. आणि ओला असताना घडी घालायची नाही, कध्धी नाही."

"महिन्यातून एकदा. ओला घडी नाही." त्यानं ते पाठ केल्यासारखं पुटपुटलं. पुडी फाटकाच्या खांबावर नीट ठेवली. मग टोपी काढून पुन्हा घातली आणि निघाला.

रस्ता उताराचा होता, तरी तो सावकाश चालला होता. चॅपलच्या भिंतीशी त्यानं थांबून भिंतीवरचं गवत उपटलं, पुन्हा चालू लागला. मेव्हिस हातात कात्री धरून बघत राहिली. शेजारचं मांजर खांबावर चढून पुडी हुंगत होतं, तेही तिला वळणापलीकडं त्याची टोपी दिसेनाशी होईपर्यंत कळलं नाही.